‘भूकंपाचं गावही दाखवू’ : मोरोक्कोतले अकरा दिवस

मराकेशला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी, मी आणि माझी नणंद, एका टूरवाल्याच्या टेबलाशी बसलो होतो. ॲटलस पर्वतातल्या इमलील गावी जायचं होतं. त्याने दरपत्रक पुढे सरकवलं. सकाळी नेणार, धबधबा दाखवणार, एका ‘पारंपरिक घरात’ चहा, उंटावर फोटो, संध्याकाळी परत. मी भाव कमी करायला लागले तसा तो जरा पुढे झुकला आणि म्हणाला, “त्याच पैशात वाटेत भूकंपाचं गावही दाखवू. अजून तंबू आहेत तिथे. फोटो छान येतात.”

मी उठले. नणंद आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं.

माझं माहेर किल्लारीपासून दहा-बारा किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपलेलं. आमचं घर अर्धं पडलं, माणसं वाचली. पुढच्या गावांत तसं झालं नाही. पण त्या वयातलं माझ्या डोक्यात जास्त रुतून बसलंय ते नंतरचं. जीपगाड्या यायच्या. पुण्या-मुंबईची माणसं उतरायची, ढिगाऱ्यावर उभी राहून इकडेतिकडे बघायची, कॅमेरे काढायची. आजी पत्र्याच्या शेडच्या दाराशी बसलेली असायची. एकदा कुणीतरी तिला पदर डोक्यावरून घ्यायला सांगितलं, फोटोसाठी. आजीने घेतला. संध्याकाळी मात्र आईला म्हणाली, “बघाया आल्ते का द्याया आल्ते, इचारलंस का गं?”

त्यामुळे मोरोक्कोला जायचं ठरलं तेव्हा एक खुणगाठ मनाशी होती. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ११ वाजून ११ मिनिटांनी तिथे ६.८ क्षमतेचा भूकंप झाला, मराकेशच्या दक्षिणेला अल हाऊज प्रांतात. जवळजवळ तीन हजार माणसं गेली. टीव्हीवर ती दगडमातीची सपाट छपरांची घरं बघून मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच डोंगरात आम्ही निघालो होतो, आणि तिथे जीपमधून उतरणारी बाई मी असणार होते.

आता जरा मागून सांगते, कारण जाणाऱ्याला कामाचं बरंच काही आधीच घडतं.

व्हिसाचा अर्ज आम्ही ऑनलाइन केला. राहण्याची बुकिंगं, परतीचं तिकीट, बँकेचे कागद. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्या अनुभवावर विसंबू नका, सरकारी संकेतस्थळावरच बघा. आणि गूगलवर सगळ्यात वर येणारं ‘मदत करतो’ म्हणणारं संकेतस्थळ सरकारी असेलच असं नाही. मुंबईहून आखातात विमान बदलून कासाब्लांका. भाच्याने त्याचा नवा ड्रोन सोबत न्यायचा फार आग्रह केला होता. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणायलाच बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तो घरीच ठेवला, भाचा दोन दिवस बोलला नाही.

मोरोक्कोचे दिरहम भारतात मिळत नाहीत. ते चलन देशाबाहेर फारसं फिरूच देत नाहीत. दोन हजार दिरहमपेक्षा जास्त बाहेर नेताही येत नाहीत. युरो घेऊन गेलो, विमानतळावर थोडे बदलले, बाकी शहरात. पावत्या जपून ठेवल्या, कारण उरलेले दिरहम परत देताना त्या मागतात. आम्ही गेलो तेव्हा एक दिरहम साधारण साडेआठ रुपयांना पडत होता. एवढा आकडा पाठ झाला की निम्मी फसवणूक आपोआप टळते, कारण ‘फक्त दोनशे’ म्हटल्यावर डोक्यात सतराशे रुपये वाजतात.

कासाब्लांकात एकच रात्र काढली, ती हसन दुसरे यांच्या मशिदीसाठी. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना मशिदीत जाता येत नाही. ही मशीद त्याला अपवाद. ठरलेल्या वेळी तिकीट काढून, माहिती देणाऱ्याबरोबर आत नेतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला पिशवीत घालून हातात. समुद्राला लागून, दोनशे मीटर उंच मिनार. माहिती देणाऱ्या बाईने सांगितलं, उद्घाटन ३० ऑगस्ट १९९३. मी मनात तारीख मोजली: बरोबर एक महिना आधी. नणंदेला म्हणाले तर ती म्हणाली, “वहिनी, तुम्हाला सगळीकडे तेच दिसणार आहे का आता?” खरं होतं तिचं.

कासाब्लांका ते मराकेश रेल्वे पावणेतीन तासांच्या आतबाहेर. देशातल्या देशात फिरायला रेल्वे उत्तम आहे, जिथे रेल्वे नाही तिथे बस. तांजेरहून कासाब्लांकापर्यंत तर ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी २०१८ पासून धावते. आम्ही साध्या दुसऱ्या वर्गाने गेलो. समोरच्या काकूंनी पिशवीतून पोळीसारखी चौकोनी घडी काढली आणि न विचारता आम्हाला अर्धी अर्धी दिली. मसेमेन म्हणतात. आपली घडीची पोळी, जरा तेलकट. मग त्यांनी विचारलं, “हिंद?” आम्ही मान डोलावली. “शाहरुख खान!” हे पुढे अकरा दिवसांत किमान तीसदा ऐकलं. एका रिक्षावाल्यासारख्या तिनचाकीवाल्याने तर अख्खं गाणं म्हणून दाखवलं, शब्द सगळे चुकीचे, चाल बरोब्बर.

मराकेशबद्दल लिहायचं तर माझं मत मिश्र आहे. जुनं शहर, म्हणजे मदिना, देखणं आहे. आम्ही उतरलो ते घर, ज्याला रियाद म्हणतात, ते बाहेरून नुसती भिंत आणि एक बुटकं दार. आत शिरलं की चौक, कारंजं, चारी बाजूंनी सोपे. आपला चौसोपी वाडाच. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की कुणीतरी आपल्याला ‘मदत’ करायला टपलेलं असतं. “तो रस्ता बंद आहे, मशीद आहे तिकडे, या बाजूने चला.” रस्ता बंद नव्हता. तो पोरगा आम्हाला फिरवून फिरवून एका चामड्याच्या दुकानात घेऊन गेला आणि दारात पन्नास दिरहम मागायला लागला. अशा वेळी चिडून उपयोग नाही. “ला, शुक्रान”, म्हणजे ‘नको, आभार’ म्हणायचं, छातीवर हात ठेवायचा, चालत राहायचं. रस्ता विचारायचाच तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारावा. त्याला गल्ला सोडून आपल्यामागे येता येत नाही.

टॅक्सीचंही तसंच. शहरातल्या छोट्या टॅक्सीत तीनच माणसं बसतात, मीटर असतो, आणि तो टाकायला सांगावा लागतो. जिथे मीटरने सतरा दिरहम झाले, त्याच अंतराला स्टेशनबाहेर शंभर मागितले होते. पुण्यातल्या माणसाला हे काही वेगळं सांगायला नको.

जमा अल फना हा मराकेशचा मोठा चौक. तिथली गोष्टी सांगणारी, वाजवणारी, जडीबुटी विकणारी मंडळी ही त्या चौकाची खरी श्रीमंती. युनेस्कोने २००१ साली या चौकाची मौखिक परंपरा मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून जाहीर केली ती त्यांच्यामुळे. पण पर्यटक गर्दी करतात साप आणि माकडांभोवती. माकडं म्हणजे बार्बरी मकाक, शेपूट नसलेली, ॲटलसच्या देवदारांच्या जंगलातली, नामशेष होण्याच्या वाटेवरची. इथे गळ्यात साखळी, अंगात बाळाचं झबलं. एकाने नणंदेच्या खांद्यावर माकड ठेवायला हात पुढे केला आणि ती किंचाळून मागे सरकली. तेवढ्यात मी दुरून सापवाल्यांच्या बाजूला मोबाईल धरला होता. फोटो काढलाही नव्हता, नुसता धरला होता. एक माणूस धावत आला, दोनशे दिरहम. वीस देऊन सुटले, आणि अजून वाटतं तेही द्यायला नको होते. त्या नागांची अवस्था काय असते ते आपल्याला सांगायला नको. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग मिरवायचे, ते उच्च न्यायालयाने थांबवलं तेव्हा किती आरडाओरडा झाला होता. पैसे मिळतात तोवर नाग टोपलीत राहणार. साधं गणित आहे. एसवेराच्या रस्त्यावर आर्गनच्या झाडांवर चढलेल्या बकऱ्या दिसतात, त्यांचंही असंच ऐकलं: बकऱ्या झाडावर चढतात हे खरं, पण रस्त्याकडेच्या बऱ्याच झाडांवर त्यांना फोटोसाठी चढवून ठेवलेलं असतं. आम्ही त्या बाजूला गेलो नाही.

मेंदीवाल्या बायका हात धरून ओढतात. नणंदेला मेंदी हवीच होती. मी फक्त एवढंच बघितलं की मिश्रण हिरवट-तपकिरी आहे. काळीकुळकुळीत मेंदी म्हणजे त्यात केस रंगवायचं रसायन, कातडीवर फोड उठतात. आणि भाव आधी. तरी शेवटी ‘दुसऱ्या हाताचे वेगळे’ झालंच.

जेवणाचं मला फार सोपं गेलं, नणंद शाकाहारी असल्याने तिला कमी. ताजीन म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा. ‘भाज्यांचं ताजीन’ म्हटलं तरी ते हाडाच्या रश्शात शिजलेलं असू शकतं. तिने “ब्ला ल्हम, ब्ला जाज” म्हणजे मटणाशिवाय, कोंबडीशिवाय, हे पाठ केलं. सकाळी मिळणारी बिसारा तिला आवडली. फूल नावाच्या वाळवलेल्या कडधान्याचं घोटून केलेलं दाट सार, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. तिच्या मते ते पिठलंच, फक्त फोडणी विसरलेलं. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती वेटरला चक्क मराठीत म्हणाली, “हिशेब?” आणि तो बिल घेऊन आला. तिथे बिलाला ल्हसाब म्हणतात. मग आम्हाला नादच लागला. साबणाला साबून. सवाल, जबाब, बाकी. फोटो काढायच्या आधी मी विचारायची, “मुमकिन?” मसेमेन भाजणाऱ्या एका बाईने मान हलवून नाही म्हटलं. मी मोबाईल खिशात टाकला, दोन मसेमेन घेतले. तिने तिसरा तसाच दिला. पोलीस, सैनिक, चौक्या यांचे फोटो मात्र विचारूनही काढू नयेत. आणि राजा, धर्म, पश्चिम सहारा या तीन विषयांवर चहाच्या टेबलावर मतं मांडू नयेत. कायद्याचा भाग आहे तो, आणि अडचणीत आपण नाही, समोरचा यजमान येतो.

हमामबद्दल थोडं लिहायलाच हवं. आम्ही हॉटेलातल्या महागड्या हमामात न जाता गल्लीतल्या सार्वजनिक हमामात गेलो, बायकांच्या वेळेत. काळा मऊ साबण अंगाला फासायचा, मग एक धिप्पाड मावशी हातात खरबरीत मोजा घालून असं घासते की नऊ महिन्यांचा मळ निघाला. “दिवाळीच्या आधीच अभ्यंगस्नान झालं,” नणंद म्हणाली. पण मी बघत होते बादल्या. प्रत्येकीपुढे दोन-तीन, आणि तांब्याने मोजून पाणी. मी सवयीने नळ चालू ठेवला तर शेजारच्या आजींनी हात लांब करून तो बंद केला, माझ्याकडे न बघता. त्या देशात सहा वर्षं सलग दुष्काळ चालू होता. २०२४ च्या सुरुवातीला अनेक शहरांत हमाम आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवायचा हुकूम निघाला होता. मला लाज वाटली, कारण मी लातूरची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्याकडे, माझ्या मावशीने तेव्हा भांडी राखेने घासली होती. मराकेशच्या हॉटेलांचे पोहण्याचे तलाव आणि गोल्फची मैदानं बघितली की तो नळ बंद करणारा हात आठवतो. आम्ही त्यानंतर टॉवेल बदलून मागितले नाहीत. यात फार काही केलं असं नाही.

तर त्या टूरवाल्याकडून उठलो, आणि सरळ शेअर टॅक्सीने इमलीलला गेलो. मोठी टॅक्सी, सहा माणसं भरली की सुटते. आम्ही दोघींनी तीन जागांचे पैसे दिले, म्हणजे मांड्यांना जरा हवा लागेल. आस्नीला गाडी बदलली. साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट. आस्नीच्या आधीपासूनच दिसायला लागतं: भेगा गेलेल्या भिंती, नुसतं जोतं उरलेलं घर, त्याच्या शेजारी सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी भिंत आणि आकाशाकडे बघत असलेल्या लोखंडी सळया. तंबूही होते. टॅक्सीतल्या कुणी तिकडे बोट दाखवलं नाही. मी मोबाईल पिशवीत तळाशी ठेवला.

इमलील १७४० मीटरवर. अक्रोडाची झाडं, खाली ओढा, वर तुबकाल, ४१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर. आमची शिखर चढायची ना तयारी होती ना वय. वरच्या अरुम्द गावात एका घरात तीन रात्री राहायचं ठरवलं, घरमालकाशी थेट बोलून. तिथे दोन अनुभव आले ते सांगते. पहिला, वाटाड्याचा. डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलजवळ दोन परदेशी मुलींचा खून झाला. तेव्हापासून तुबकालच्या वाटेवर परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे. चौकीवर पासपोर्ट बघतात, वहीत लिहितात. बरेच पर्यटक याला कटकट म्हणतात. मला ते बरं वाटलं, दिवसाचे पाचशे दिरहम ठरले आणि ते गावातल्याच माणसाच्या हातात पडले. परवान्याचं ओळखपत्र मात्र मागून बघावं. आमच्याने ते न मागता दाखवलं आणि वर म्हणाला, “जो दाखवायला लाजतो त्याच्याबरोबर जाऊ नका.”

दुसरा, खेचरांचा. सामान खेचरावर जातं. नणंदेची बॅग उचलून वाटाड्याने बाजूला ठेवली आणि विचारलं, यात काय आहे? तीन जोडी चपला, केस वाळवायचं यंत्र, लाडवांचा डबा. निम्मी बॅग मराकेशला ठेवून यायला हवी होती. खेचराची पाठ बघायची, खोगिराखाली जखम असेल तर ते खेचर नाकारायचं, हे त्यानेच शिकवलं. मराकेशमध्ये कष्टकरी जनावरांवर मोफत उपचार करणारं स्पाना संस्थेचं केंद्र आहे, तिथे त्याचं खेचर जाऊन आलेलं. त्याच्या बोलण्यात खेचराचा उल्लेख घरातल्या माणसासारखा येत होता. भूकंपानंतर रस्ते बंद होते तेव्हा वरच्या गावांना पीठ आणि गोधड्या पोहोचल्या त्या खेचरांवरून.

अरुम्दचं घर दुमजली. दार उघडून आत गेले आणि वर बघितलं. लाकडी तुळया, त्यावर आडव्या काठ्या, त्यावर झुडपांच्या फांद्या आणि माती. माळवद. आमच्या जुन्या घराचं होतं तेच. उजेडाला मध्ये सवणंसुद्धा. वळवाचा पाऊस यायच्या आधी आजी वर पांढरी माती टाकून चोपून घ्यायची, दर वर्षी एक थर, त्यामुळे वजन वाढत जायचं. आणि त्या रात्री तेच वजन खाली आलं. दगड गोल, माती सुटी, भिंती दोन हात जाड, जोडणारं लाकूड मध्ये नाही. मी वाटाड्याला हे सांगायला लागले तर तो म्हणाला, इथेही तेच झालं. माती अशी बसते की श्वासाला जागा राहत नाही.

घरातली बाई, तिला लाल्ला म्हणायचं, साधारण माझ्याच वयाची. तिला ताशेल्हीत ही तिथली डोंगरातली भाषा येते, मला येत नाही, वाटाड्या मधला. ‘तानमिर्त’ म्हणजे आभार आणि ‘अमान’ म्हणजे पाणी एवढ्या दोन शब्दांवर मी तीन दिवस काढले. तिने विचारलं, काय बघतेस एवढं वर? मी सांगितलं. ती उठून आली, माझा हात धरून तिने मला मागच्या बाजूला नेलं. तिथे भिंतीचा एक तुकडा पडलेला होता आणि नवी खोली उभी राहत होती, सिमेंटच्या ठोकळ्यांची. ज्यांचं घर पूर्ण पडलं त्यांना सरकारने एक लाख चाळीस हजार दिरहम जाहीर केले, अंशतः पडलं त्यांना ऐंशी हजार. हप्त्याहप्त्याने. तिला दुसऱ्या हप्त्याची वाट होती. पैशांपेक्षा तिची तक्रार निराळी होती. ठोकळ्यांची खोली थंडीत बर्फ होते. जुनी भिंत दिवसाची ऊब रात्रभर धरायची.

मी म्हटलं, आमच्याकडे उलट. नवी गावं वसवली, सरळ रेषेत, रुंद रस्ते, सिमेंटची घरं. उन्हाळ्यात आत भट्टी. मग प्रत्येकाने बाहेर पत्रा टाकला, चूल बाहेर आली. चांगल्या खोलीत कुणाकडे कडबा, कुणाकडे ज्वारीची पोती. ती हसत सुटली. तिनेही नव्या खोलीत बटाटेच ठेवायचं ठरवलं होतं.

त्या गावातली पोरं मागे लागतात, “बोंबों, स्तिलो, दिरहम!” गोळ्या, पेन, पैसे. सगळे मार्गदर्शक सांगतात, देऊ नका, भीक मागायची सवय लागते. पटतं. पण मला हेही आठवतं की १९९३ ला ट्रकमधून बिस्किटांचे पुडे फेकत होते आणि मी त्यामागे धावले होते. तसं गोड बिस्कीट त्याआधी खाल्लं नव्हतं. पडले, गुडघा फुटला, पुडा सोडला नाही. ट्रकमधून कपडेही यायचे. माझ्या काकांना थ्री-पीस सूट मिळाला होता, त्यात ते म्हशी राखायचे. तेव्हा मी पोरांना गोळ्या वाटल्या नाहीत, पण ज्ञानही पाजळलं नाही. नणंदेने आणलेला लाडवांचा डबा लाल्लाच्या हातात दिला. तिने संध्याकाळी ते कुणाला, किती, हे आपलं आपण ठरवलं. पोरं तिच्या दारात रांगेत उभी राहिली, आणि एकाने दोनदा घेतला तेव्हा त्याचा कान तिने धरला, आम्ही नाही.

वाटाड्याबरोबर एक दिवस वर सीदी शमहरूशपर्यंत गेलो. जिनांच्या राजाचं ठाणं, बाधा झालेल्या माणसांना तिथे आणतात. पांढरा रंगवलेला प्रचंड धोंडा, छोटा पूल. मुस्लिमेतरांनी पुलापलीकडे जायचं नाही. आमच्यासमोर एक युरोपियन जोडपं ‘फक्त एक मिनिट’ म्हणून हुज्जत घालत होतं. आम्ही अलीकडेच दगडावर बसून संत्र्याचा रस प्यालो. पलीकडे एक बाई आपल्या तरण्या मुलाला धरून हळूहळू पायऱ्या चढवत होती. तिला प्रेक्षक कशाला हवेत?

फेज या जुन्या शहराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. नऊ हजारांवर गल्ल्या, गाड्या नाहीत, मागून “बालाक!” ओरडलं की भिंतीला चिकटायचं, खेचर येतंय. हरवणार हे धरूनच चालावं. चामडं कमावायचे हौद बघायला दुकानांच्या गच्चीवर नेतात, नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. ती फुकट नसते, खाली येताना जाकीट दाखवतात. खरेदी करायची नसेल तर आधीच दहा-वीस दिरहम ठरवून द्यावेत, दोघांचाही वेळ वाचतो. शुक्रवारी दुपारी बरंच काही बंद असतं, त्या दिवशी घरोघर कुसकुस. बायकांनी एकट्या फिरण्याबद्दल विचारतात म्हणून सांगते: शेरे ऐकू येतात, कुणी मागे चालतं, आम्ही सैल कुर्ते आणि ओढणीत होतो, त्याने जरा फरक पडतो, पूर्ण नाही. फारच झालं तर जवळच्या दुकानात शिरून एखाद्या वयस्कर बाईजवळ उभं राहावं. मोठ्या शहरांत पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, आणि शहरात १९ नंबर.

पण मला अरुम्दच्या शेवटच्या रात्रीचं सांगायचं होतं. जेवणं झाली होती. थंडी एवढी की आम्हा दोघींना तीन तीन गोधड्या. लाल्लाची सासू, ऐंशीच्या घरातली, तिचं अंथरूण मात्र बाहेर अंगणात, अक्रोडाखाली. वर मेणकापड बांधलेलं. मी विचारलं नव्हतं, पण वाटाड्याला माझं बघणं कळलं असावं. म्हणाला, भूकंपापासून ती आत झोपत नाही.

मी म्हटलं, माझी आजीही. २००४ साली गेली, तोवर अंगणातच. पावसाळ्यात फार तर पत्र्याच्या पडवीत. नव्या घरात ती एक रात्र झोपली नाही.

त्याने ते ताशेल्हीतमध्ये सांगितलं. माझ्या वाक्यापेक्षा बराच वेळ लागला त्याला. म्हातारी ऐकत होती, माझ्याकडे बघत होती. मग तिने काहीतरी पुटपुटलं आणि लाल्ला तोंडावर पदर धरून हसायला लागली. वाटाड्यालाही हसू आवरेना.

“ती म्हणते, तुझ्या आजीचं मला माहीत नाही. माझं भूकंपाचं निमित्त आहे. आत माझा मुलगा घोरतो.”

मुलगा समोरच चहा ओतत होता, हात डोक्याएवढा उंच करून, पेल्यात फेस येईल असा. त्याने मान वर केली नाही, पण एक थेंब बाहेर सांडला.